त्रिमूर्ती म्हणजेच दत्त का? थोडं सेम, बरंचसं वेगळं

दोन्हीकडे ब्रह्मा, विष्णू, महेशच आहेत, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण त्रिमूर्ती ही मुळात कल्पना आहे, ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, महेश लय करतो, म्हणजे कामाची वाटणी. तिचा उपवास नाही, तिला कोणी नवस बोलत नाही, पुराणात आणि प्रवचनात जास्त भेटते ती.

दत्ताचं तसं नाही ना! तो अत्रि-अनसूयेचा मुलगा, त्याला घर आहे, गोष्ट आहे, तीन तोंडं सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री, मार्गशीर्ष पौर्णिमेला जयंती आणि त्याआधी घरोघरी गुरुचरित्राचं पारायण. शिवाय तो गुरू आहे, नरसोबाच्या वाडीला तर मूर्ती नाहीच, पादुकांची पूजा होते. आणि तीन तोंडं पाहिजेतच असंही नाही बरं का, नारायणपूरला एकमुखी दत्त आहे.

सगळ्यात मोठा घोळ घारापुरीचा. तिथल्या लेण्यातल्या तीन तोंडांच्या भव्य शिल्पाला सगळे सर्रास त्रिमूर्ती म्हणतात, पण अभ्यासक त्याला सदाशिव मानतात, म्हणजे तिन्ही चेहरे शिवाचेच, मधला शांत, एक उग्र मिशीवाला अघोर आणि दुसरा नाजूक, हातात कमळ घेतलेला वामदेव. ब्रह्मा-विष्णू तिथे शोधू नका.

तिघे एकत्र हवेत तर त्र्यंबकेश्वरला जा, पिंडीच्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, तीच ब्रह्मा-विष्णू-महेश. मला विचाराल तर रोजच्या भक्तीत दत्तच जवळचा वाटतो.