हिरव्या डब्यातली 'कॅफिनमुक्त' कॉफी : ग्लासातला प्रयोग पाहून भुलू नका

हर्बल कॉफी विकणारी काही पोरं सध्या नागपुरातल्या प्रदर्शनांमधून फिरत आहेत. त्यांची युक्ती निव्वळ खोटं बोलण्याची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते जे दाखवतात ते खरं असतं, आणि जे विकतात ते वेगळं असतं.

आईला बीपी आहे, शिवाय अधूनमधून छातीत धडधडतं. धंतोलीच्या डॉक्टरांनी तिला चहा-कॉफी बंद करायला सांगितली. चहा सुटला, पण संध्याकाळची कॉफी काही सुटेना. अशा माणसाला 'कॉफीची चव, कॅफिन शून्य' हा फलक दिसला की पाय थांबणारच. स्टॉलवरच्या पोराने पाण्याचा ग्लास घेतला, वरून चिमूटभर पूड टाकली. पूड क्षणात तळाशी गेली आणि मागे तपकिरी रेघा सोडत गेली. "पहा काकू, कॉफी असती त वर तरंगली असती. ही मुळी होय, चिकोरीची."

हा प्रयोग अगदी खरा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरण घरगुती चाचणी म्हणून तोच सांगतं : कॉफी पाण्यावर तरंगते, चिकोरी रंग सोडत बुडते. आणि चिकोरीत कॅफिन नसतं हेही खरं. फक्त ग्लासात पडलेली पूड उघड्या बरणीतली होती. विकायचे डबे सीलबंद, आणि तेही 'स्टॉक संपला, घरी पोचवतो' म्हणून नंतर आले. 200 ग्रॅमचे 850 रुपये. पैसे यूपीआयने एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. बिल 'डब्यासोबत येईल' म्हणाले; ते आजतागायत आलेलं नाही.

डब्यावर 'विदर्भाच्या घनदाट जंगलातली दुर्मीळ वनौषधी' म्हणून ज्या घटकाचं कौतुक होतं, तो निघाला तरोटा! पावसाळ्यात बेसा-मनीषनगरच्या कोणत्याही रिकाम्या प्लॉटवर गुडघाभर माजतो तोच. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, आणि बिया भाजून कॉफीसारख्या वापरतात हेही खरं आहे, पण दुर्मीळ? खाली यादीत ज्येष्ठमधही होतं. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या माणसांसाठी म्हणून विकायच्या डब्यात ते घालणारा माणूस एक तर अडाणी असला पाहिजे, नाही तर निगरगट्ट.

आई संध्याकाळी सातच्या सुमारास एक कप घ्यायची. चव तिला फारच आवडली. झोप मात्र उडाली, आणि धडधड वाढली. फोन केला तर पलीकडून उत्तर : "शरीरातले टॉक्सिन निघून राहिले मावशीचे. डिटॉक्स चालू आहे, घाबरू नका. दोन कप द्या, लवकर सेट होईल."

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत संताप या वाक्याचा आला. पैसे गेले तर गेले, पण धडधड होणाऱ्या सत्तरीच्या बाईला डोस दुप्पट करायला सांगायचं! पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सातच्या कपातलं निम्मं मध्यरात्रीही अंगात असणार. ज्या त्रासाने माणसाने पेय सोडायला हवं, तोच त्रास 'औषध लागू पडतंय' याची खूण म्हणून विकायचा.

मग त्यांचाच प्रयोग घरी केला. निम्म्याहून अधिक पूड वर तरंगत राहिली. पुडी बांधून इतवारीत मस्कासाथकडे एका जुन्या कॉफी दळणाऱ्याकडे गेले. त्याने तळहातावर घेतली, हुंगली, दोन बोटांत चोळली. "ताई, हे त आपली फिल्टर कॉफीच होय. सत्तर-तीसवाली असन." म्हणजे सत्तर टक्के कॉफी, तीस टक्के चिकोरी, आणि त्याच्याकडचा भाव डब्याच्या चौथाईपेक्षाही कमी. कॉफी-चिकोरी मिश्रण कायदेशीर आहे. त्यात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. या डब्यावर कॉफी हा शब्दच घटकांत नव्हता.

चिकोरी कॉफीपेक्षा स्वस्त, मग हे लोक महाग कॉफी का भरतात, हा प्रश्न मलाही पडला. तो दळणारा हसला. नुसती चिकोरी कडवट-गोडसर लागते, तिने तरतरी येत नाही, गिऱ्हाईक दुसरा डबा मागत नाही. 850 च्या भावात थोडी कॉफी सहज परवडते.

डब्यावरचा परवाना क्रमांक मी फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून पाहिला. अंक बरोबर चौदा होते, पण तो निघाला दुसऱ्याच राज्यातल्या एका फरसाणवाल्याचा. पत्ता नुसता 'एमआयडीसी, नागपूर', प्लॉट क्रमांक नाही. बॅच नंबर नाही. घटकांची टक्केवारी नाही.

तक्रारीचं सांगते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर यूपीआयच्या पावतीनिशी नोंद झाली, पण समोरची पार्टी कोण आणि कुठली, हे सांगता येत नसल्यामुळे गाडी तिथेच अडली. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, पण 'मी हे तपासायला देणार आहे' असं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. फोडलेला डबा घेऊन नंतर गेलं तर विक्रेता सरळ म्हणतो, आत तुम्हीच काहीतरी मिसळलं. ग्लासात पूड तरंगली हा पुरावा नव्हे, नुसती शंका. कॅफिन आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते. त्यामुळे स्टॉलवर तपासणीची गोष्ट काढा आणि पोराचा चेहरा पाहा. माझ्या मैत्रिणीने काढली, तर 'मालक जेवायला गेले' म्हणून स्टॉलच आवरायला लागले.

आईची कॉफी थांबवल्यावर झोप परत आली. डॉक्टरांना डबा दाखवला. 'डीकॅफ' लिहिलेली कॉफीही तिला नको म्हणाले, कारण त्यात थोडं कॅफिन उरतंच.

विक्रेत्याचा नंबर आता बंद आहे. मैत्रिणीने पाहिलेल्या स्टॉलवर डबा केशरी होता, नाव नवीन, आणि आत म्हणे खजुराच्या बियांची कॉफी. ग्लासातला प्रयोग तोच, बरणीही तशीच उघडी. कोणाकडे यांचा सीलबंद डबा आणि छापील बिल, दोन्ही असतील तर कृपा करून डबा फोडू नका आणि मला कळवा. माझ्या तक्रारीत नेमकं तेवढंच कमी पडतंय.