भाडं शून्य, डिपॉझिट चार लाख

सोलापुरात हेवी डिपॉझिटवर घर घेणं काही नवीन नाही. मालकाला एकरकमी तीन-चार-पाच लाख द्यायचे, दर महिन्याला भाडं द्यायचं नाही आणि मुदत संपली की तेवढीच रक्कम परत घेऊन घर सोडायचं. शेजारी कर्नाटकात याला लीज म्हणतात, आपल्याकडेही पुष्कळ लोक लीजच म्हणतात. सगळेच मालक बुडवतात असं मी म्हणणार नाही. माझी नणंद अशाच घरात राहिली आणि पै न पै घेऊन बाहेर पडली. आमचे चार लाख मात्र अडकले आहेत, आणि ते ज्या पद्धतीने अडकले ती पद्धत अजून इथे जोरात चालू आहे, म्हणून लिहितेय.

फ्लॅट विजापूर रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. सोलापूरकर घर बघताना खोल्या नंतर बघतो, आधी पाण्याचं विचारतो. इथे संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, मोठा, बोअर बारा महिने चालू, त्यामुळे सासूबाई खूश. मालक बोलायला मधाळ. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. तीन वर्षांसाठी चार लाख ठरले. त्यात सासूबाईंचा विडी कारखान्यातला फंड होता, माझी भिशी होती आणि थोडं सोनं गहाण ठेवून आणलेले पैसे होते. एजंटने वर चार लाखांवर दोन टक्के दलाली घेतली.

कागद मागितले. मालकाने मालमत्ता पत्रकाचा उतारा दिला, खरेदीखताची झेरॉक्स दिली, टॅक्सची पावती दिली. उताऱ्यावर कर्जाचा बोजा नव्हता, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांनीही तो डोळ्यांखालून घातला. मूळ खरेदीखत दाखवा म्हटलं तर म्हणाला, "ओरिजिनल बँकेत आहेत की ताई, घरात कोण ठेवतंय? टेन्शन कशाला घ्यायलाव?" आम्ही लॉकर समजलो. माणूस खोटं बोलला नव्हता. कागद खरंच बँकेत होते, कर्जापोटी तारण म्हणून.

इथेच बहुतेक लोक गाफील राहतात. शेतीवर कर्ज असलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की प्रत्येक कर्ज कुठल्या ना कुठल्या उताऱ्यावर चढतंच. शहरातल्या फ्लॅटवर बँका बहुतेक वेळा मूळ दस्त ताब्यात घेऊन गहाण करून घेतात. ते मालमत्ता पत्रकावर उमटेलच असं नाही. ते दिसतं दोन ठिकाणी. असं गहाण केलं की ३० दिवसांत 'नोटीस ऑफ इंटिमेशन' नोंदणी खात्याकडे दाखल करावी लागते, महाराष्ट्रात २०१३ पासून हा नियम आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च म्हणून फुकट सोय आहे. जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, आणि अशा नोटिसा निघतात. दुसरं ठिकाण म्हणजे केंद्र सरकारची सरसाई ही नोंदवही. तिथे किरकोळ फी भरून एखाद्या मिळकतीवर कुठल्या बँकेचं तारण आहे का, हे कुणालाही बघता येतं. पुढे सगळं उघड झाल्यावर आमच्या वकिलांनी आमच्यासमोर ई-सर्चवर फ्लॅटचा क्रमांक टाकला. चहा यायच्या आत बँकेचं नाव स्क्रीनवर होतं.

आता आकडा बघा. त्या भागात तसल्या फ्लॅटला महिना आठ हजार भाडं सहज मिळतं, म्हणजे वर्षाला ९६ हजार. चार लाख वापरायला मिळावेत म्हणून मालक वर्षाला ९६ हजारांवर पाणी सोडतोय. हे २४ टक्के व्याज झालं. घरकर्ज याहून कितीतरी कमी व्याजाने मिळत असताना, सोनं तारण ठेवूनही याच्या निम्म्यात काम होत असताना, हा माणूस २४ टक्क्यांनी पैसे का उचलतोय? कारण दुसरीकडे कुणी त्याला उभं करत नाही. हेवी डिपॉझिटचा भाडेकरू हा खरं तर विनातारण कर्ज देणारा सावकार असतो, फक्त सावकार चौकशी करतो.

करार झाला तो पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर, ११ महिन्यांचा. "अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही," हे एजंटचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते साफ खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च पंधरा-वीस हजार येईल, असंही एजंट म्हणाला होता. प्रत्यक्षात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात आणि त्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक लागतो. आमच्या चार लाखांवर तीन वर्षांचं व्याज एक लाख वीस हजार, त्याचा पाव टक्का ३०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार. वर किरकोळ हाताळणी.

राहायला गेल्यावर मालकाच्या नावाची पाकिटं येऊ लागली. जाड, खाकी, पोचपावतीची, डाव्या कोपऱ्यात बँकेचा शिक्का. मालकाला फोन केला की म्हणायचा, "घेऊ नका, परत पाठवा." एखादं साध्या टपालाने दाराखालून आलं तर त्याचा पुतण्या स्कूटीवर येऊन घेऊन जायचा. लाइट बिल न्यायला कधी कुणी आलं नाही, या पाकिटांसाठी मात्र संध्याकाळच्या आत माणूस हजर. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सगळं माहीत होतं, मेंटेनन्सही थकलेला होता. नंतर विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही, आम्ही कशाला मध्ये पडू?" घर घ्यायच्या आधी सेक्रेटरींकडे आणि वॉचमनकडे पाच मिनिटं बसा. उताऱ्यावर नसतं ते तिथे कळतं.

मग एके दिवशी मी कामावरून आले तर दाराशेजारच्या भिंतीवर ताबा नोटीस चिकटवलेली. तीच दोन पेपरांतही छापून आली, त्यातला एक मराठी. थकबाकीचा आकडा आमच्या डिपॉझिटच्या कितीतरी पट.

बँका हे सरफेसी कायद्याखाली करतात, २००२ चा आहे. आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, मग भिंतीवरची नोटीस लावून कागदोपत्री ताबा, आणि शेवटी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा. भिंतीवर कागद लागला म्हणजे उद्याच सामान रस्त्यावर, असं नसतं. मधे वेळ मिळतो आणि भाडेकरूला पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत ४५ दिवसांची. पण ६० दिवसांची ती नोटीस मिळाल्यानंतर मालकाने बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने दिलं असेल, तर भाडेकरूची बाजू फारच लंगडी पडते. आमचा करार त्या नोटिशीच्या नंतरचा निघाला. म्हणजे सासूबाईंच्या पाया पडताना ती नोटीस त्याच्याकडे होती. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

करार रजिस्टर असता तर बँकेपुढे टिकला असता का? नाही. त्यांचं गहाण आधीचं. रजिस्टर करार उपयोगी पडतो मालकाविरुद्ध. आमचं नशीब म्हणजे तीन लाख आरटीजीएसने गेले होते. एक लाख रोख दिलेत, त्याची नोंद फक्त नोटरीच्या कागदात.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर ठरलेलं: हे दिवाणी आहे, कोर्टात जा. कराराची तारीख आणि बँकेच्या नोटिशीची तारीख शेजारी शेजारी ठेवून लेखी तक्रार दिली, तेव्हा ती घेतली गेली. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. जुनं चारशेवीस ते हेच.

दरम्यान मालकाने आम्हाला गप्प करायला चार लाखांचा चेक दिला होता. तो वटला नाही आणि त्यानेच आम्हाला सगळ्यात मजबूत कागद मिळाला. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. यातली एक जरी तारीख हुकली तर प्रकरण अडचणीत येतं. "थांबा की ताई, गड्ड्याची यात्रा होऊ द्या, देतो," असे निरोप त्याच दिवसांत येत होते. यात्रेपर्यंत थांबलो असतो तर नोटिशीची मुदत गेली असती.

वकिलांच्या फीची सोय नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. हे मला कोर्टातल्या एका कारकून बाईंनी सांगितलं, तोवर घरात कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही आता सैफुलकडे साध्या भाड्याच्या घरात आहोत, रजिस्टर करार करून. चेकची तक्रार आणि पैशांचा दावा, दोन्ही चालू आहेत. फ्लॅटचा लिलाव व्हायचाय. लिलावात कर्ज भागून वर काही उरलं तर ते कर्जदाराला परत जातं. ते त्याच्या हातात पडायच्या आधी कोर्टाने जप्त करून ठेवावं, असा अर्ज आमच्या वकिलांनी दाव्यासोबत दिला आहे. थकबाकी आणि राखीव किंमत बघता फार काही उरेल असं त्यांना वाटत नाही.