क्रूझवरून डाइव्हला जायचंय: जहाजाची सहल घ्यावी की दुकान स्वतः शोधावं?

माझ्या भाच्याचं लग्न नोव्हेंबरात आहे. डिसेंबरात दोघं सिंगापूरहून क्रूझने निघणार, मध्ये एक दिवस फुकेत. पुण्यातल्या तलावात प्रॅक्टिस आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी समुद्रातल्या डाइव्ह करून त्याने ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, कार्ड घेतलंय. परवा त्याचा फोन आला, "मामा, जहाजाकडूनच डाइव्ह बुक करू की बाहेरून?" मी फुकेतला दोन्ही प्रकारे डाइव्ह केलेली आहे, म्हणून त्याला सांगितलं तेच सविस्तर लिहितो.

आधी जहाजाच्या बाजूचं, कारण ती बाजू कमकुवत नाही. सहल जहाजाची असेल आणि बोट उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी घेतं. स्वतः गेलात तर नाही. हवामानामुळे जहाजाने फुकेत टाळलंच, तर सहलीचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरच्या दुकानात ॲडव्हान्स अडकू शकतो. शिवाय घड्याळाचा घोळ आहे. थायलंड सिंगापूरच्या १ तास मागे आहे आणि जहाज बरेचदा सिंगापूरचीच वेळ पाळतं. किनाऱ्यावर उतरल्यावर मोबाइल स्वतःहून तास मागे घेतो, आणि जहाजाचे चार वाजलेले असताना तुमच्या हातात तीनच दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सांभाळणं जड जातं.

म्हणून पहिल्या खेपेला आम्ही जहाजाचीच सहल घेतली. पाणी छान होतं, मासे भरपूर. तरी मला सारखं खटकत राहिलं ते वेगळंच.

बुकिंग करताना मी काउंटरवर विचारलं होतं की बोट कोणाची आहे. उत्तर आलं, "आमचे मान्यताप्राप्त ऑपरेटर आहेत." नाव काय? ते धक्क्यावर कळेल. तिकिटावर सहलीचं नाव होतं, वेळ होती, भेटायची जागा होती; बोट चालवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मागच्या बारीक अक्षरांत मात्र स्पष्ट लिहिलं होतं की किनाऱ्यावरच्या सहली स्वतंत्र कंत्राटदार चालवतात आणि त्यांच्या कृतीला कंपनी जबाबदार नाही. म्हणजे पैसे घेणारा जबाबदार नाही, आणि जो जबाबदार आहे तो कोण, हे आपल्याला पाण्यात उतरायच्या तासभर आधीपर्यंत माहीत नाही.

सकाळी प्रत्येकाच्या शर्टावर नंबरचा स्टिकर लावला. आरोग्याचा फॉर्म बसमध्ये मांडीवर ठेवून भरायचा होता. "कुठेही हो लिहिलंत तर पाण्यात जाता येणार नाही," असं वाटाड्याने आधीच सांगितल्यावर सगळ्यांनी 'नाही'वर खुणा केल्या. मला रक्तदाबाची गोळी आहे. मीही 'नाही'च केलं, आणि ते मी करायला नको होतं.

दुसऱ्या डाइव्हनंतर मोजणी झाली ती डोक्यांची. बावीस हवे होते, बावीस भरले. बोटवाल्याने दोर सोडायला घेतला तेवढ्यात बायको म्हणाली, "आपल्या शेजारी बसलेले ते काका कुठे आहेत?" काका ब्युईपाशी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यापाशी, पाण्यातच होते. त्याच ऑपरेटरच्या दुसऱ्या बोटीवरचा एक मुलगा मित्रांबरोबर आमच्या बोटीवर चढला होता, म्हणून आकडा जुळला. काकांना लगेच वर घेतलं, काही झालं नाही. पण परत येईपर्यंत मी गप्पच होतो.

कारण ही चूक नवी नाही. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात राहिलं आणि बोट किनाऱ्याला परत गेली. ते राहिलेत हे दोन दिवसांनी, बोटीवर त्यांची बॅग सापडल्यावर कळलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे आणि नोंदींचे नियम कडक झाले. पण फुकेतच्या बोटीला क्वीन्सलँडचा नियम लागत नाही.

फुकेतचं पाणी शांत दिसतं म्हणून गाफीलही राहू नये. ५ जुलै २०१८ ला तिथे फिनिक्स नावाची दिवसाच्या सहलीची बोट वादळात बुडाली आणि ४७ पर्यटक गेले. हवामानाचा इशारा आधी दिलेला होता. आपल्याकडेही मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. प्रश्न परदेशाचा किंवा देशाचा नाही. बोट सोडायची की नाही हे ठरवणारा माणूस कोण, आणि तो आपल्याला उत्तर देतो का, एवढंच मी बघतो.

दुसऱ्या खेपेला फुकेतमधल्या चालोंगच्या धक्क्याजवळचं डाइव्हला नेणारं एक छोटं दुकान गाठलं. महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू केलं. बोटीचं नाव, नोंदणी, इन्स्ट्रक्टरचं नाव आणि पाडीचा (डाइव्हिंग शिकवून कार्ड देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, PADI) नंबर मागितला. त्याच दिवशी आला. तो नंबर पाडीच्या साइटवर टाकून तपासता येतो. आरोग्याचा फॉर्म घरीच भरायला मिळाला. या वेळी रक्तदाबापुढे 'हो' लिहिलं, तर दुकानाने डॉक्टरांची सही मागितली. कोथरूडला दोन चकरा झाल्या. वैताग आला, पण विश्वास बसला तो तिथेच.

बोटीवर हजेरी नावाने घेतली. निघताना, प्रत्येक डाइव्हनंतर, आणि इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा. शेजारच्याने दिलेली 'ओ' चालत नव्हती, ज्याचं नाव त्यानेच उत्तर द्यायचं. ऑक्सिजनचा डबा कुठे आहे ते न विचारता उघडून दाखवलं. जहाजावर परतायची वेळ आमच्याकडून विचारून घेऊन दुकानाने तिसरी डाइव्ह स्वतःच रद्द केली, आणि आम्ही अडीच तास आधी पोहोचलो.

सगळीच छोटी दुकानं अशी असतील असं मी म्हणत नाही. जहाजाच्या सहलींमध्येही नीट चालणाऱ्या असतीलच. माझा अनुभव एकेकच आहे. बरोबर आईवडील असतील, किंवा उशीर होण्याच्या भीतीने तुमचं पाण्यात लक्षच लागणार नसेल, तर जहाजाचीच घ्या. कुठूनही घेतलीत तरी प्रवास विम्यात स्कूबा धरलंय का ते वाचा, पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास ठेवा.

भाच्याला मी जहाजाच्या कंपनीला दोन ओळींचा मेल टाकायला सांगितला: बोट चालवणाऱ्याचं नाव काय, आणि हजेरी नावाने घेतात का. लेखी उत्तर मिळालं तर बिनधास्त त्यांच्याबरोबर जा, म्हटलं. काल उत्तर आलं. ऑपरेटर मान्यताप्राप्त आहेत, असं त्यात होतं, नाव नव्हतं. चालोंगच्या दुकानाचा नंबर त्याला रात्रीच पाठवला.