समुद्र किती चढेल? एकच आकडा की टप्प्यांचा आराखडा

किनाऱ्याचा शंभर वर्षांचा पूर-आराखडा करताना खरी निवड दोनांतच असते. एक आकडा धरायचा, वर थोडी उंची राखीव ठेवायची आणि एकदाच बांधून मोकळं व्हायचं. नाहीतर टप्पे आधी आखायचे आणि पाणी मोजत पुढचा टप्पा हाती घ्यायचा.

पहिल्या पद्धतीला कमी लेखू नये. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, त्यानंतरची डेल्टाची कामं, म्हणजे समुद्र अडवणारे बांध आणि दारं, बव्हंशी याच विचाराने झाली. निविदा सोपी, हिशेब सरळ. मला खटकतो तो मंजूर झालेला आकडा. भिंत उभी राहिली की फाइल बंद होते. पाणी अंदाजापेक्षा भरभर चढलं तर बांध उंच करायचा म्हणजे पायाही रुंद करावा लागतो, आणि तोवर मागे अगदी खेटून वस्ती झालेली असते.

लंडनच्या टेम्स नदीच्या मुखाचा २०१२ चा पूर-आराखडा टप्प्यांचा आहे. त्यात ठरावीक निर्देशक मोजले जातात आणि दर दहा वर्षांनी पूर्ण फेरआढावा होतो. २०२३ मध्ये टेम्स बॅरिअरच्या (नदीवरच्या पूररोधक दारांच्या) वरच्या अंगाच्या भिंती उंच करण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर आणली, तीही मूळ आराखडा न मोडता. माझा कल इकडे झुकतो तो यामुळेच.

मात्र टप्पा कधी सुरू करायचा, तिथे हमखास चूक होते. समजा, सध्याची भिंत ५० सेंमी वाढ सोसते, पाणी वर्षाला ५ मिमी चढतंय आणि भूसंपादनापासून नवं पूररोधक दार बसेपर्यंत ३० वर्षं लागतात. तेवढ्या काळात पाणी १५ सेंमी चढेल, म्हणून निर्णय ३५ सेंमीलाच व्हायला हवा. वेग १० मिमी झाला तर २० सेंमीला. ५० वर खूण करणारे आराखडे कागदावर सुरेख दिसतात, पण दार ३० वर्षं उशिरा येतं.

मोजणीही जपून करावी. चंद्राच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यात भरतीची उंची कमी-जास्त होते, त्यामुळे पाच-सात वर्षांच्या नोंदी फसवतात. किमान १९ वर्षांची सरासरी घ्यावी. जमीन खचत असेल तर भरतीमापकाशेजारी जीपीएस केंद्रही हवं.

दुसरी पद्धत पेलायला स्वतंत्र निधी आणि उत्तरदायी माणूस लागतो. डच कायद्यात २०१२ पासून वेगळ्या डेल्टा आयुक्ताची, म्हणजे पूररक्षणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, तरतूद आहे, कामाचा अहवाल दरवर्षी अर्थसंकल्पासोबत संसदेत जातो. एवढी सोय होणार नसेल तर बहुधा पहिलीच पद्धत बरी. बांधामागचा जमिनीचा पट्टा मात्र दोन्हींत आजच राखून ठेवावा.