भदोहीचा गालिचा: अकरा महिने आणि एक पावसाळा

दिवाळीनंतर घेतलेला पाच बाय सात फुटांचा लोकरी गालिचा आता अकरा महिन्यांचा झाला. ठाण्यातला फ्लॅट, हॉलमध्ये सोफ्यासमोर, घरात सहा वर्षांचं एक पोर. म्हणजे परीक्षा नीट झाली आहे.

दुकानदाराने ‘भदोहीचा, हॅन्डमेड’ म्हणून दिला. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली जीआय मानांकन (त्या भागाचीच खासियत असल्याची सरकारी नोंद) मिळालंय, तेवढं ऐकून मी हुरळले. घरी येऊन पाठ उलटली तर जाडंभरडं कापड चिकटवलेलं. गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही दिसते आणि झालर म्हणजे ताण्याचीच, विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, टोकं असतात. माझा टफ्टेड निघाला: हातात धरायच्या यंत्राने कापडात लोकर खोचायची, मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा लेप, वर अस्तर. यात फसवणूक नाही, हाही हातानेच होतो; आणि गाठींचा नाही म्हणून तर तो मला परवडला. पण हे दुकानातच बघायला हवं होतं. लोकर मात्र खरी. एक धागा जाळला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरडली गेली. पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते.

पहिले तीन महिने तो मांजरासारखा झडला. घाबरू नका, कापलेल्या लोकरीचे सुटे तंतू असतात ते, कमी होतात. व्हॅक्यूमला फिरता ब्रश लावू नका आणि वर आलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा.

मार्चमध्ये वरण सांडलं. मी साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला! हळद अल्कलीत लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चोळू नकोस, पाण्याने टिपून घे आणि उन्हात टाक.” गार पाण्याने साबण टिपून काढला, तो भाग गॅलरीत उन्हाला धरला. दोन दिवसांत डाग इतका फिकटला की आता मलाच शोधावा लागतो.

सोफ्याच्या बाबतीत मात्र अक्कल उशिरा आली. गादीच्या चेनजवळ लेबल असतं: डब्ल्यू म्हणजे पाण्याचं क्लीनर चालतं, एस म्हणजे फक्त बिनपाण्याचं सॉल्व्हन्ट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे नुसता व्हॅक्यूम. आमचा एस. चहाच्या थेंबावर मी ओलं फडकं फिरवलं, थेंब गेला, पण पाण्याची ताटलीएवढी कड उमटली. ती अजून आहे. तिच्यावर उशी ठेवते.

खरी चूक मेअखेरची. पावसाआधी स्वच्छ व्हावा म्हणून घरी येऊन करणाऱ्यांकडून गालिच्याला शाम्पू करून घेतला. वरून हात लावला तर कोरडा. पण लोकर बरंच पाणी पिऊनही ओली लागत नाही, आणि खाली लॅटेक्स नि अस्तर असल्यामुळे ते निघायला वाट नसते. जुलैत हॉलमध्ये ओल्या गोणपाटाचा वास. उचलून दोन खुर्च्यांवर टाकला, तीन दिवस पंखा आणि एसीचा ड्राय मोड. वास ऐंशी टक्के गेला. त्याच वेळी सोफ्याखालच्या, कुणाचा पाय न पडणाऱ्या पट्टीत लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या सापडल्या. आता दर पंधरा दिवसांनी सोफा सरकवून तिथे व्हॅक्यूम होतो, आणि सहा महिन्यांनी गालिचा जागच्या जागी अर्धा फिरवते, म्हणजे झीज एकाच बाजूला होत नाही.

पुढच्या वर्षी मेच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, घडी न घालता गुंडाळून, सुती चादरीत बांधून माळ्यावर. प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल आतच कोंडते. पावसाळाभर जमिनीवर सतरंजी, ती निदान मशीनमध्ये धुता येते.

याच पैशांत आज लहान का होईना, गाठींचाच घेतला असता. हा वाईट नाही, पायाला मऊ आहे, रंग टिकलाय. फक्त महिन्यातून एकदा कोपरा उचलून फरशी बघते. लॅटेक्स वाळून सुटायला लागलं की खाली पिठासारखी पूड पडते. अजून पडलेली नाही.