वारंवार उडणारा फ्यूज: मल्टिमीटर की टेस्ट बल्ब?

जुन्या गाडीतील टेललाइटचा 10 अँपिअरचा लाल फ्यूज बदलताच पुन्हा उडत असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून वायर आणि बॉडी यांमधील रोध मल्टिमीटरने मोजता येतो. परंतु थंड फिलामेंटचा रोध मुळातच इतका कमी असतो की सर्व बल्ब काढल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबता येत नाही. शिवाय कसारा घाटातील हादऱ्यांनी उद्भवणारा दोष नाशिकच्या गॅरेजमध्ये स्थिर उभ्या गाडीत सापडेलच असे नाही.

याउलट, फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब जोडल्यास पूर्ण शॉर्ट (वायर थेट बॉडीला टेकलेली) असतानाही जेमतेम पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहतो, वायर सुरक्षित राहते आणि डिकीच्या बिजागरीजवळील हार्नेस (वायरचा जुडगा) हलवताना प्रखर पेटलेला बल्ब एकाएकी मंदावला, की दोषाची जागा हाती लागते. (20 अँपिअरचा पिवळा फ्यूज ठोकून देणे हा तिसरा पर्याय नव्हे, त्यात फ्यूजऐवजी वायर जळते.)

माझी पसंती बल्बलाच आहे. मात्र ब्लोअरची (केबिनमध्ये हवा सोडणाऱ्या पंख्याची) मोटर जड फिरल्यामुळे फ्यूज उडत असेल, तर बल्ब निरुपयोगी ठरतो. तेथे प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटरच हवा.