कांदळवन प्रतिष्ठानची उपजीविका योजना: ठाणे खाडीत काय चालेल, काय नाही

ऐरोलीत खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना कांदळवन प्रतिष्ठानची ओळख असते ती तेवढीच. पण दिवा, घणसोली, सारसोळे, करावे, दिवाळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या बचत गटाने विचारले, की या संस्थेकडून आम्हाला काय मिळेल, तर बोट बाजूला ठेवून तिच्या उपजीविका योजनेचे बोलावे लागते. हे परीक्षण मुख्यतः त्या योजनेचे.

आधी एक गल्लत दूर करू. कांदळवन कक्ष हा वन विभागाचा भाग, २०१२ मध्ये सुरू झालेला. प्रतिष्ठान ही २०१५ ची नोंदणीकृत संस्था, कक्षाच्या जोडीने काम करणारी. कांदळवनात डेब्रिज पडले, झाडे तोडली, तर तक्रार कक्षाकडे जाते. गटाचा प्रस्ताव, प्रशिक्षण, संशोधन हा प्रतिष्ठानचा विषय. सरकारी सावलीतली संस्था असण्याचा फायदा ठाणे खाडीत फार मोठा आहे, कारण इथले बहुतेक कांदळवन राखीव वनात येते आणि सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम वेगळे. बाहेरच्या कितीही चांगल्या संस्थेला तिथे साधा बांबू रोवायचा तरी परवानगीसाठी याच दारात यावे लागते. तोटा सगळ्यांना माहीत आहे: फाइल फाइलच्या चालीने चालते.

योजना २०१७ च्या शासन निर्णयाची. गटाला खर्चाच्या ९० टक्के अनुदान, १० टक्के सभासदांचे. एकट्याने केले तर ७५ आणि २५. खेकडापालन, पिंजऱ्यातले मासे, जिताडा, कालवे (शिंपल्यातला खाण्याचा जीव), शोभिवंत मासे, श्री पद्धतीची (कमी बियाणे, कमी पाण्याची) भातशेती, निसर्ग पर्यटन असे बरेच पर्याय त्यात आहेत. आमचे मत विचाराल तर १० टक्क्यांचा हिस्सा सगळ्यांनी सारखा भरावा, आणि तोही गटाच्या खात्यातून. दहा जणांच्या गटात एकाने सगळे भरले की वर्षभरात तो मालक होतो आणि बाकीचे नऊ रोजंदार. पुढे रात्रीची राखण करायला कोणी येत नाही. खेकड्याच्या धंद्यात राखण सुटली की धंदाही सुटला.

योजना सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत एकच असली तरी पाणी एकच नाही, आणि ठाणे-नवी मुंबईच्या गटांनी अर्जापूर्वी विचार करायचा तो इथेच. वेंगुर्ल्यात स्वामिनी गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफर घडवतात, तिथल्या खाडीत कालवे वाढवणेही शोभते. आपल्या खाडीत एका बाजूने शहरांचे सांडपाणी येते, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. कालव आणि शिंपले पाणी गाळून खातात. पाण्यातले जंतू आणि जड धातू त्यांच्या अंगात साठतात, आणि धातू शिजवूनही जात नाहीत. म्हणून अनुदान कितीही असो, ठाणे खाडीत खाण्याची शिंपली वाढवण्याचा प्रस्ताव देऊ नये. मंजूर झाला तरी देऊ नये.

खेकड्याचे तसे नाही, तरी तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. चिंबोरी वाढवायचे दोन प्रकार. एक म्हणजे पिल्लू सोडून मोठे करणे. त्यासाठी कांदळवनाच्या कडेला, एकही झाड न तोडता, भरतीचे पाणी येईल अशा जागी जाळ्याचे कुंपण घालतात. खांब बांबूचे किंवा लाकडाचे. जाळे चिखलात निदान दोन फूट खाली जायला हवे, कारण खेकडा आधी खालून पळतो. वरच्या कडेला फूटभर गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी आतल्या बाजूला झुकवून बांधायची, कारण खालून जमले नाही तर तो वरून पळतो. कुंपणाची उंची वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाच्या पाण्यावर ठरवायची. नेहमीच्या भरतीवर ठरवलेले कुंपण पावसाळी उधाणात एका रात्रीत रिकामे होते.

पिल्ले घेताना जात बघून घ्या. नांगीच्या मनगटावर बाहेरच्या कडेला दोन ठळक टोकदार काटे असतील तर ती मोठी होणारी हिरवी चिंबोरी, शास्त्रीय नाव सिल्ला सेराटा. काटे बोथट आणि नांग्या तांबूस असतील तर ती लहान जात, तेवढेच खाऊन कमी वजन देणारी. बी, म्हणजे सोडायची पिल्ले, हॅचरीचे (अंड्यांतून पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राचे) घेतलेले बरे. एमपीडाच्या (सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या) राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरची खेकड्याची हॅचरी तमिळनाडूत आहे. खाडीतून वेचून आणलेल्या पिल्लांवर धंदा उभा करायचा, तर कांदळवन राखण्याच्या नावाखाली आपणच खाडी रिकामी करतो.

आता हिशोब. २० बाय ५० मीटरच्या कुंपणात, म्हणजे १,००० चौरस मीटरमध्ये, चौरस मीटरला एक या मापाने १,००० पिल्ले. त्याहून जास्त सोडून फायदा नाही. कात टाकलेला खेकडा मऊ असतो आणि शेजारी त्याला खातो. लपायला पाइपचे तुकडे, जुने टायर, फुटकी मडकी टाकली तर थोडे वाचतात. ४०० जगले आणि सरासरी ४०० ग्रॅमचे झाले तर १६० किलो माल. किलोला पाच-सहा किलो बारीक मासळी धरली तर खाद्य ८०० ते ९६० किलो. हे खाद्य रोज कुठून येणार, ते प्रस्तावात लिहा. बंदरावर ट्रॉलरची बारीक मासळी स्वस्त मिळते खरी, पण तीत उद्याच्या मोठ्या माशांची पिल्ले असतात. बाजारातले मासळीचे वाया जाणारे भाग ताजे मिळत असतील तर ते बघावे. खेकडा रात्री खातो, तेव्हा सकाळी थोडे आणि संध्याकाळी जास्त. सकाळी उरलेले दिसले की दुसऱ्या दिवशी कमी करायचे. सडलेल्या खाद्याने पाणी बिघडते आणि त्याचा पहिला बळी कात टाकणारा खेकडा असतो.

दुसरा प्रकार म्हणजे पोकळ चिंबोरी भरवणे. नुकतीच कात टाकलेली, आत पाणी असलेली चिंबोरी बाजारात स्वस्त जाते. ती २० ते ३० दिवस वेगवेगळ्या खणात किंवा डब्यात ठेवून खाऊ घातली की मांस भरते आणि भाव बदलतो. पोकळ कोणती, हे कोळणीला शिकवायला नको. पोटाकडून अंगठ्याने दाबले की कवच दबते. शहराजवळच्या गटाला आम्ही हाच प्रकार सुचवू. गुंतवणूक महिनाभरात फिरते, जागा कमी लागते आणि खेकडे एकमेकांना खात नाहीत. डबे एकावर एक रचून पाणी फिरवायची पद्धतही आहे. तीत पंप थांबला किंवा गाळणी तुंबली तर अमोनिया वाढून सगळा माल एकदम जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा जादा पंप खर्चात धरावा. विक्रीला नांग्या दोरीने बांधून ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. साठलेल्या पाण्यात ठेवू नये. त्यातला प्राणवायू संपून खेकडे मरतात. अंडी असलेली मादी परत खाडीत सोडायची, एवढा नियम गटाने स्वतःच करावा.

क्षारता हा इथला आणखी एक घोटाळा. पावसाळ्यात खाडीच्या ठाण्याकडच्या टोकाला पाणी गोडसर होते. उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याला सरावलेला खेकडा एकदम गोड्या पाण्यात टिकत नाही.

शोभिवंत मासे हा घरामागच्या जागेत होणारा पर्याय, ज्यांचा खाडीकाठ आता इमारतींनी गेला आहे अशांना सोयीचा. सुरुवात गप्पी, मॉली अशा पिल्ले घालणाऱ्या माशांपासून करावी. मॉलीला पाण्यात थोडे मीठ चालते. नळाचे पाणी टाकीत एक दिवस उघडे ठेवल्याशिवाय माशांना देऊ नये. हवा सोडणाऱ्या पंपाला बॅटरी हवीच. गप्पीची पिल्ले वेळीच वेगळी केली नाहीत तर आई खाते. हे मासे गटारात, खाडीत कधीही सोडू नयेत. गिऱ्हाईक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपर्यंत आहे. बाकी या पर्यायात सांगण्यासारखे फार नाही.

आता बोट. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. ऐरोलीची फेरी चांगली की वाईट, हे बोटीपेक्षा पाणी ठरवते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, तेव्हा बरेच पक्षी नेरूळच्या पाणथळ जागांकडे उडून जातात आणि खाडी रिकामी वाटते. पूर्ण ओहोटीला पक्षी असतात पण लांब चिखलावर, बोट तिथवर जात नाही. भरती ओसरायला लागून तास-दीड तास झाला की पाण्याच्या मागे मागे पक्षी उतरतात; ती फेरी मिळवायची. कोळ्यांचा जुना हिशोब वापरा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अदमास मुंबई बंदराचा आहे आणि खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ जातो. आरक्षण करण्याआधी भरतीचे कोष्टक बघाच. थव्यापासून लांबच राहा. पक्षी उठले की त्यांची खाण्याची वेळ वाया जाते. काळसर लाल चोचीचा, जास्त गुलाबी तो छोटा रोहित, म्हणजे छोटा फ्लेमिंगो. गुलाबी चोच आणि टोक काळे तो मोठा. पक्षी भरपूर दिसले म्हणजे खाडी निरोगी, असे मात्र समजू नये. छोटा रोहित खातो ते शेवाळ सांडपाण्यातल्या खतावरही माजते.

रोपे लावण्याबद्दल, कारण सोसायट्या आणि कंपन्या याच कामासाठी विचारणा करतात. तिवर या कांदळवनातल्या झाडाच्या बिया पावसाळ्यात पडतात. एक-दोन दिवस पाण्यात भिजवून साल सुटली की पिशवीत, आणि पिशव्या भरतीचे पाणी पोहोचेल अशा वाफ्यात ठेवतात. रोप दीड फुटाचे झाले की दीड बाय दीड मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी ४,४४४. जिथे भराव टाकून पाणी अडले आहे तिथे आधी माशाच्या काट्यासारखे चर खोदतात: मधला मोठा, बाजूचे तिरके लहान. पाणी आत-बाहेर खेळायला लागले की बी आपोआप येते, आणि पुष्कळदा लावलेल्या रोपांपेक्षा तेच जोमाने वाढते. चर न खोदता लावलेली रोपे उन्हाळ्यात मिठाने जळतात. दुसरा शत्रू म्हणजे भरतीबरोबर येणारे प्लास्टिक. ते कोवळ्या रोपाला गुंडाळते आणि पुढच्या ओहोटीत ओढून आडवे करते. म्हणून लागवडीच्या खर्चात निदान तीन वर्षांची सफाई हवी.

आणि उघड्या चिखलावर लावू नका. तो मोकळा पडलेला प्लॉट नाही, रोहितांचे ताट आहे. ठाणे खाडीत गाळ साचून तिवर स्वतःहूनच चिखलावर पसरते आहे, त्यात आपण भर घालू नये. एखाद्या संस्थेने फोटोत मोकळ्या चिखलावर रांगेने रोपे दाखवली, तर पैसे देण्याआधी तिथे पक्षी उतरत होते का, हे विचारा.

कागदपत्रांत जागेचा प्रश्न आधी सोडवा. गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समिती असेल तर प्रस्ताव तिच्यामार्फत जातो. समितीचा ठराव, गटाचे बँक खाते, सभासदांची ओळखपत्रे, जागेचा उतारा आणि नकाशा हाताशी ठेवा. खासगी जागेवर कांदळवन असले तरी तोडता येत नाही, आणि ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. तेव्हा सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून सिमेंटचा ओटा बांधायला जाऊ नये. बांबू आणि जाळे एवढ्यावरच प्रस्ताव बसवा. फाइल उन्हाळ्यातच द्या. नारळी पौर्णिमेनंतर कुंपण उभे राहिले आणि दसऱ्याच्या सुमारास बी पडले, तर माल मेअखेर निघतो, पाणी गोडे व्हायच्या आत.